पोतेरं

खराट्याच्या आवाजाने मी उठलो. अंगण झाडल्याचा आवाज वेगळा आणि हा वेगळा होता. खाडीच्या काठावर शिंपल्यांचा चुरा असतो, त्यावर खराटा करकरतो. पण काठ कधी कुणी झाडत नाही, त्यामुळे तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला.

दार उघडून पाहिलं तर वाडीतल्या झाडून सगळ्या बायका खाली धक्क्यावर. कुणी झाडतेय, कुणी पाटीत भरतेय, कुणी विहिरीचं पाणी आणून सडा घालतेय. ताराकाकी मधे उभी राहून हुकूम सोडत होती. तिला वाडीत सगळेच काकी म्हणतात. ती माझ्या आईच्या बरोबरीची.

"काकी, हे काय चाललंय?"

"उठलास? चहा ठेव आमच्यासाठी. आटोपतच आलंय."

"मासे कुठे गेले?"

"माडांच्या बुडाशी पुरले सगळे. नाक धरून भरले रे बाबा. शिंगाळ्या तर हातात घेतल्या की गळून पडत होत्या."

त्या आठवड्यात वरच्या कारखान्याने पुन्हा पाणी सोडलं होतं. बोय, शिंगाळ्या, बारीक कोळंबी, सगळं उलटं होऊन काठाला लागलं होतं. काठ पांढरा दिसत होता. आता तो नुसता स्वच्छ नव्हता, तर धक्क्याच्या तोंडाशी रांगोळीसुद्धा काढलेली होती.

"काकी, आज ती समितीची माणसं येणार आहेत," मी म्हटलं.

"म्हणून तर! द्वारकेचे पाहुणे. दिल्लीहून एवढ्या लांब यायचे आणि तिच्या दारात मेलेली मासळी? ती असती तर तिने तिचं बघितलं असतं. आता ती नाही, तर आम्ही बघायचं."

त्यांच्या हातांना वास येत होता, पदर कमरेला खोचलेले होते. माझ्या बायकोला, द्वारकाला जाऊन दोन महिने झाले होते आणि या बायकांनी तिच्यासाठी काठ झाडला होता. त्यांना काय सांगणार? मी आत गेलो आणि मोठं पातेलं चुलीवर ठेवलं.

एवढ्यात अनंत आला. अनंत माझ्या चुलतभावाचा मुलगा, मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. त्याने काठ पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"काका, हे कुणी केलं? तुम्ही बघत बसलात?"

"मी उठलो तेव्हा झालेलं होतं."

"अहो, तीच तर दाखवायची होती मासळी! आता काय रांगोळी दाखवू?"

"रांगोळी चांगली आलीय," ताराकाकी खालून ओरडली. "तुझ्या लग्नात एवढी चांगली नव्हती."

बायका हसल्या. अनंतने मला बाजूला घेतलं.

"काका, आता एकच उपाय आहे. काकू कशाने गेली ते सांगा."

"काविळीने."

"कावीळ कशाने झाली?"

"ते डॉक्टरने नाही सांगितलं."

"डॉक्टर कशाला सांगायला पाहिजे? रोज कमरेएवढ्या त्या पाण्यात उतरत होती. तुम्ही फक्त म्हणा, पाण्याने गेली. पुढचं मी बोलतो. माणूस गेलं म्हटल्यावर लिहून घ्यावंच लागतं त्यांना."

मी चहा गाळायला घेतला. थोडा सांडला. मी हातानेच पुसला.

---

ही माणसं का येणार होती ते सांगायला हवं.

आदल्या वर्षी तालुक्याच्या गावी एक सभा झाली होती. कारखान्यांनी नदी, खाडी, जमीन बिघडवली तर ती दुरुस्त कुणी करायची, यासाठी सगळ्या देशाला लागू होईल असा कायदा करायचा होता. तो लिहिणारी समिती गावोगाव लोकांचं ऐकत फिरत होती. आमच्याकडून अनंत बोलणार होता. खुर्च्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून त्याने वाडीतली माणसं टेम्पोत घालून नेली. त्यात मी आणि द्वारका होतो.

सगळे भरपाईवर बोलले. होडीला किती, जाळ्याला किती. द्वारका माझ्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मधेच तिने हात वर केला. मी तिचा हात खाली ओढला. तिने तो पुन्हा वर केला.

"माझं थोडंसंच आहे," ती उभी राहून म्हणाली. "माझ्या घरात जो सांडतो तो पुसतो. हे बसलेत ना, हे रोज चहा सांडतात. मी पोतेरं अंगावर फेकते. नवरा आहे म्हणून सोडत नाही. तो कारखाना तर माझा कुणी लागतसुद्धा नाही."

सगळी सभा हसली. समितीत एक मॅडम होत्या, मृणाल वाठोडकर, नागपूरकडच्या. कायद्याचा मसुदा त्याच लिहीत होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "बाई, आणि त्यांनी पैसे भरले तर चालेल का?"

"पैसे काय लादीवर पसरू? आधी पुसा. मग पैशाचं बोलू."

"मग पुसलं गेलं की नाही, हे कुणी ठरवायचं?"

"जिचं घर असेल तिने. यांना विचाराल तर हे म्हणतील झालं. हे कोपरे सोडतात."

पुन्हा हशा झाला. मॅडम लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "खाडी बिघडायच्या आधी कशी होती, ते मला कुणीच नीट सांगत नाही. तुम्ही दाखवाल?"

"या की. सुकतीला या, पाणी उतरलेलं असताना. दाखवते."

परतताना टेम्पोत मी तिच्याशी बोललो नाही. वाडी आली तेव्हा म्हटलं, "चारचौघांत माझा चहा कशाला काढलास?"

"दुसरं उदाहरण जवळ नव्हतं," ती म्हणाली.

त्यानंतर ती त्यांची वाट बघत होती. कधी येतील म्हणून अनंतला विचारायची. मग गणपती झाले आणि ती आजारी पडली. डोळे पिवळे झाले, जेवण तुटलं. मुंबईहून मुलगी आली, तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. दिवाळीला घरात मी एकटाच होतो. आणि दिवाळीनंतर तालुक्याहून निरोप आला की समिती येतेय.

---

दोन गाड्या आल्या. पहिलीत समिती होती. अध्यक्ष म्हणून एक वयस्कर न्यायाधीश होते, निवृत्त झालेले. त्यांचे गुडघे दुखत होते, म्हणून त्यांना धक्क्याजवळच्या उंडीच्या झाडाखाली खुर्ची दिली. वाठोडकर मॅडम उतरल्या आणि सरळ बायकांकडे बघू लागल्या. एकेकीचा चेहरा बघत होत्या.

"द्वारकाबाई कुठे आहेत?"

बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झालो.

"मी त्यांचा नवरा. विश्राम कासेकर. त्या गेल्या. दोन महिने झाले."

"मला कुणी कळवलं नाही," असं मॅडम हळू म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "काय झालं होतं?"

अनंत माझ्या मागेच होता. तो म्हणाला, "पाण्यामुळे, मॅडम. काका, सांगा."

तोवर दुसऱ्या गाडीतून कारखान्याचे सबनीस साहेब उतरले होते. पर्यावरणाचं खातं त्यांच्याकडे होतं. माणूस वाईट नव्हता, कधी आवाज चढवायचा नाही. ते ऐकत उभे होते. न्यायाधीशांनीही मान वळवली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कावीळ झाली होती," मी म्हटलं. "पाण्याने झाली का, मला माहीत नाही."

अनंतने दात आवळून श्वास सोडला. मॅडमनी मान हलवली. सबनीस खाली बघत होते.

मग आम्ही धक्क्यावर गेलो. पाणी उतरलं होतं. चिखल उघडा पडून चमकत होता. सबनीसांनी रांगोळीला वळसा घातला, तिच्यावर पाय दिला नाही. काठ बघून ते म्हणाले, "मॅडम, मासे मेले हे आम्ही नाकारत नाही. व्हॉल्व्ह बिघडला होता, तो दुरुस्त केलाय. पण आपण बघताय, काठ स्वच्छ आहे. खाडी वाहती असते, दोन-चार भरत्यांत सगळं पूर्ववत होतं."

"आम्ही साफ केलं ना सकाळी!" ताराकाकी कौतुकाने म्हणाली. "हवं तर मांडी घालून बसा. कणभर घाण दिसायची नाही."

"बघा," सबनीस म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

"बोल काकी, अजून बोल," अनंत पुटपुटला.

मी काकीच्या हातांकडे बघत होतो. तिने ते लिंबाच्या पाल्याने चोळले होते, तरी नखांत मासळीचे खवले अडकलेले होते. माझ्या एकदम लक्षात आलं ते मी बोललो. ठरवून बोललो नाही.

"साहेब, काठ भरतीने नाही साफ झाला. या बायकांनी केला. मागल्या वेळी पण मेलेली मासळी यांनीच उचलली. त्याच्या मागल्या वेळी माझ्या बायकोने उचलली, ती एकटीच उतरली होती. सांडलं तुम्ही. पुसतंय कोण ते बघा."

मॅडमनी ताराकाकीचा हात हातात घेतला आणि उलटा करून पाहिला. काकी लाजली. "वास येईल तुम्हाला," म्हणाली.

सबनीस माझ्याकडे वळले. "कासेकर, तुमचं बरोबर आहे. त्याचं आपण बघू. होड्यांचं, जाळ्यांचं आमचं सोसायटीशी बोलणं चालूच आहे. प्रश्न एवढाच आहे, मॅडम, की हा जो चिखलाचा पट्टा आहे, तिवरांपासून त्या टोकापर्यंतचा, तो आमच्या माथी मारला जातोय. ही दलदल आहे. कुणाची मालकी नाही, कुणाला परवाना नाही. इथे काय होतं याची कुठे नोंद नाही. जे नव्हतंच ते परत कसं करून द्यायचं?"

"द्वारकाबाई तेच दाखवणार होत्या," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "कासेकर, तुम्ही सांगा. या चिखलात आधी काय होतं?"

मी तोंड उघडलं. आणि मला काहीच आलं नाही.

मी होडीवाला माणूस. खाडीचा मधला भाग मला पाठ आहे, कुठे खोल, कुठे खडक, ओढ कुठल्या बाजूला. पण चिखल बायकांचा. आमच्यात पुरुष तिसऱ्या, मुळे असले शिंपले काढायला चिखलात उतरत नाही. लहानपणी एखादा पोरगा आईच्या मागे गेला तर मोठेपणीसुद्धा त्याला लुगडं नेसवायची भाषा करतात. द्वारका लग्न होऊन आली त्या वर्षापासून सुकती बघून पाटी घेऊन जात होती आणि भरती लागायच्या आत परत येत होती. मी पाटी बघायचो. पाटी भरलेली असायची, मग अर्धी असायची, मग शेवटी-शेवटी तळाला चार असायच्या. ती कुठे जाते, कुठे पाय टाकते, मी कधी बघितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं. शिंपल्यांचं कालवण मात्र इतकी वर्षं खाल्लं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. त्या सकाळी हे मी दुसऱ्यांदा म्हणत होतो.

सबनीसांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. अनंत तर पाठच फिरवून उभा राहिला. मॅडम वाट बघत होत्या. मी बायकांकडे पाहिलं. त्या पदर डोक्यावर घेऊन एकमेकींच्या मागे सरकल्या. अनंत बोलतो, सरपंच बोलतात, अशी सवय. शिवाय समोर न्यायाधीश.

ती असती तर एव्हाना गुडघाभर आत असती आणि मॅडमना हाका मारत असती. पाहुण्यांना शब्द तिने दिला होता. मी लेंगा गुडघ्यापर्यंत गुंडाळला, चपला काढल्या आणि चिखलात उतरलो.

दोन पावलं बरी गेली. तिसऱ्याला पाय पोटरीपर्यंत रुतला. तो काढायला गेलो तर दुसरा रुतला. हात टेकला, कोपरापर्यंत काळा झाला. मग कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसरी हसली. मग सगळ्याच.

"भावोजी, टाच नका टाकू हो! आधी बोटं!"

"अगं, होडी घेऊन जा कुणीतरी त्यांच्यासाठी!"

"विश्राम," ताराकाकी ओरडली, "रेड्यासारखा काय उभा राहिलास? सरकव पाय, उचलू नकोस!"

द्वारका गेल्यापासून आमच्या दारात कुणी हसलं नव्हतं. मीही हसलो. हसताना आणखी खाली गेलो.

शेवटी काकीलाच राहवलं नाही. तिने लुगडं वर खोचलं आणि या वयात उतरली. चिखलावर ती चालत नव्हती, घसरत आल्यासारखी आली. तिने माझं मनगट धरलं.

"पोटरी सैल सोड. हं. आता पायाची बोटं पुढे, तळवा मागून. खाली चाचपत जायचं. डोळ्यांनी नाही बघायचं इथे, पायांनी बघायचं."

"आणि कळतं कसं?"

"तिसरी असेल तर बोटाला टोचते. मुळा असेल तर गुळगुळीत लागतो. आता काही लागणार नाही, नुसती खर लागेल शिंपल्यांची. हे बघ, लागली? ही मेलेली. सगळ्या उघड्या पडलेल्या आहेत खाली."

तिच्यामागून आणखी दोघी उतरल्या, मग आणखी. मला शिकवण्याच्या नादात त्या बोलायला लागल्या. आधी माझ्याशी, मग एकमेकींशी, आणि आवाज वाढत गेले.

"तिवरांच्या मुळाशी खुबे असायचे. नव्या सुनेला पहिल्यांदा तिथेच सोडायची सासू, तिथे बुडायची भीती नाही."

"आणि त्या वळणाला मुळे. माझं वळण ते. सासूने दिलं मला."

"तुझं कुठलं? वळणाच्या अलीकडचं तुझं. पलीकडचं माझं."

"पलीकडचं तुझ्या जावेचं होतं, ती पुण्याला गेली म्हणून तुला!"

मी मधेच थांबलो. "दिलं म्हणजे?"

"दिलं म्हणजे दिलं," काकी म्हणाली. "प्रत्येकीची जागा आहे इथे. सासू सुनेला देते. पहिल्या वर्षी बरोबर नेते, पायाने दाखवते, कुठून कुठपर्यंत. त्यात दुसरी उतरत नाही. तुमच्या बांधावरून जशा मारामाऱ्या होतात तशी आमच्यात कधी झाली नाही, म्हणून तुम्हाला कळलं नाही."

"आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी विचारलंत?"

मागे चुबुक असा आवाज झाला. वाठोडकर मॅडम साडी वर धरून उतरल्या होत्या. त्यांच्या पाठोपाठ सबनीसही आले, बूट-मोजे धक्क्यावर काढून. दोन बायकांनी मॅडमना दोन्हीकडून धरलं. सबनीसांना कुणी धरलं नाही, ते आपले आपण रुतत होते.

मॅडम विचारत होत्या आणि बायका चालून दाखवत होत्या. हिची जागा इथून तिवराच्या त्या खुंटापर्यंत. तिची तिथून ओहोळापर्यंत. या जागेत काय मिळायचं, कुठल्या महिन्यात काढायचं नाही, कारण तेव्हा पिल्लं असतात. एक सांगायची, दुसरी दुरुस्त करायची, आणि पहिलीही ते बरोबर म्हणायची. सबनीस ऐकत होते. एकदा त्यांनी स्वतःच विचारलं, "आणि हे कधीपासून मिळेनासं झालं?" बायकांनी कारखान्याचं नाव घेतलं नाही. "या यमुनाची धाकटी झाली त्या साली वरच्या बाजूचं गेलं," असं सांगितलं. कारखाना त्याच साली सुरू झाला होता. सबनीसांना ते ठाऊक होतं.

असं करत आम्ही टोकाशी आलो. तिथे पाणी वळसा घेतं आणि चिखल थोडा घट्ट आहे. काकीने पाय थांबवला.

"हे तुझ्या आईचं," ती मला म्हणाली. "मग द्वारकेला दिलं. आख्ख्या खाडीत याच्यासारखी जागा नव्हती. मी मागितली होती तुझ्या आईकडे. म्हणाली, माझ्या सुनेसाठी ठेवलीय. तेव्हा तू अजून शाळेत होतास. सुनेचा पत्ता नव्हता."

मी तिथे उभा होतो. पायाखाली मेलेल्या शिंपल्यांची खर लागत होती. आमच्या घराची एक जागा होती आणि मला ती तेव्हा कळली. आई आणि द्वारका या जागेवर काय बोलल्या असतील कोण जाणे. घरात तर दोघींचं फार जमलं नाही असं मी समजत होतो.

"आता ही जागा कुणाची?" मॅडमनी विचारलं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"तिला सून नाही," एकजण म्हणाली. "मुलगी आहे, ती मुंबईला दिलीय."

"मग कुणाची म्हणून लिहू? एकेका जागेपुढे नाव हवं. नाहीतर पुन्हा हेच म्हणतील, कुणाचीच नाही."

"द्वारकेचंच लिहा," मी म्हटलं.

"त्यांचं लिहिते. पण मी जे मांडणार आहे त्यात असं आहे की जागा धुऊन झाली की नाही, हे जिची जागा तिला विचारायचं. द्वारकाबाईंनीच ते सांगितलं होतं. त्यांना कसं विचारणार? उद्या कुणीतरी हवं ना, हो किंवा नाही म्हणायला."

वारा सुटला होता, भरती लागायला आली होती. बायका आपसात काहीतरी बोलल्या. मग ताराकाकीने पदराने तोंड पुसलं.

"विश्रामचं लिहा," ती म्हणाली.

"बाप्याचं?" मागून कुणीतरी म्हणालं.

"मग काय करू? तिच्या मागे तोच आहे. लिहा तुम्ही, मॅडम. पण चालायला शिकला तर. नाहीतर मी परत घेईन."

मॅडमनी लिहिलं. परतताना मी काकीने सांगितल्यासारखी बोटं आधी टाकत आलो, तरी दोनदा पडलो. धक्क्यावर न्यायाधीश खुर्ची पुढे ओढून बसले होते. त्यांनी सबनीसांचे चिखलाने भरलेले पाय पाहिले. बायकांनी घागरीने सगळ्यांच्या पायांवर पाणी घातलं. सबनीसांच्याही.

गाडीत बसण्याआधी सबनीस माझ्याजवळ आले. "कासेकर, तुम्ही सकाळी पाण्याने गेली म्हणाला असतात तर आम्हाला जड गेलं असतं," ते हळू म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हटलं.

---

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. कायदा लगेच झाला नाही. दोनदा सरकार बदललं, मसुदा मागे गेला, पुढे आला. ताराकाकी त्याआधीच गेली. एका सकाळी अनंत पेपर घेऊन आला आणि पडवीत बसून मला वाचून दाखवू लागला. ज्याने बिघडवलं त्याने ती जागा होती तशी करून द्यायची. आधी कशी होती ते ती जागा वापरणाऱ्या माणसांना विचारायचं, त्यांच्याकडे कागद असो नसो. आणि झाली की नाही, हेही त्यांनाच विचारायचं. द्वारकाचं नाव त्यात कुठे नव्हतं. तसं असायचं कारणही नव्हतं.

"काकूने हे एका दमात सांगितलं होतं," अनंत म्हणाला. "यांना एवढी पानं लागली."

कारखान्याला वरून नोटीस आली. वादावादी झाली, मग कामाला सुरुवात झाली. पाणी सोडायचं वरचं तोंड बंद केलं, चिखलाचा वरचा थर काढून नेला, तिवरं लावली. त्यांची माणसं येतात, बाटल्यांत चिखल भरून नेतात. आणि मग धक्क्यावर बसून आम्हाला विचारतात. प्रत्येकीला तिच्या जागेबद्दल विचारतात. मलाही विचारतात. बायकांत मी एकटाच पुरुष. नव्या सुना मला बघून तोंडावर पदर धरतात, पण आता कुणी लुगड्याची भाषा करत नाही.

मी सुकती बघून रोज टोकाशी जातो. चालायला शिकलो. बोटं पुढे, तळवा मागून. कित्येक दिवस नुसती खर लागायची. मॅडमनी एकदा फोनवर जागा धुऊन झाली का विचारलं, तेव्हाही मी नाही म्हणून सांगितलं. कोपरे राहिलेत अजून, म्हटलं. त्या हसल्या.

परवा पायाच्या बोटाला काहीतरी टोचलं. मी थांबलो. हात घातला, चाचपून वर काढलं. तिसरी होती, नखाएवढी. मिटलेली. पाण्यात धरली तर किंचित उघडली आणि पुन्हा मिटली. मी मागे वळलो, कुणाला तरी दाखवायला. सगळ्या बायका लांब होत्या, आपापल्या जागेत वाकलेल्या. ओरडलो असतो तर आल्या असत्या. मी ओरडलो नाही. तिसरी होती तिथेच खाली ठेवली आणि वरून चिखल सारला.

घरी आलो तो तसाच, पाय न धुता. दारापासून चुलीपर्यंत चिखलाची पावलं उमटली. चहा केला. कपात ओतताना नेहमीसारखा सांडला. कप बाजूला ठेवला, मोरीतून पोतेरं आणलं, ओलं केलं आणि गुडघे टेकून पुसायला बसलो. आधी चहा पुसला, मग पावलं. मग चुलीमागचा कोपरा, मग कपाटाखालचा, तिथे हात पोचत नाही तरी घातला. दाराच्या मागचाही सोडला नाही.

पुसून झालं. मी पोतेरं हातात घेऊन उभा राहिलो. झालं की नाही, ते सांगायला घरात कुणी नव्हतं.